दोन वर्षांचा करार

टोकियोत घर भाड्याने घ्यायचं तर करार बहुधा दोन वर्षांचा होतो. दोन वर्षं भरली की नूतनीकरणाचे म्हणून साधारण एका महिन्याचं भाडं मोजायचं, सही करायची, की पुढची दोन वर्षं आपली. सांगलीची एक अठ्ठावीस वर्षांची मुलगी हे पैसे एकदा भरून बसली आहे. दुसऱ्यांदा भरायची वेळ येत्या मार्चात येईल. तिच्या खोलीत कपाट नाही. कपडे भिंतीतल्या कप्प्यात, भांडी मोजकी, जेवायला पाय दुमडणारं टेबल आणि झोपायला रोज गुंडाळून ठेवायचा फुतोन. "जड काही घेतलंच नाही, ताई," ती म्हणाली. "परत जाताना टाकायलासुद्धा पैसे पडतात इथे."

तिचं म्हणणं खरं आहे. कपाट, पलंग, सायकल असलं मोठं सामान टाकायचं तर आधी वॉर्डाकडे नोंद करायची. मग कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, ठरलेल्या किमतीचं स्टिकर विकत घ्यायचं, ते सामानावर चिकटवायचं आणि नेमून दिलेल्या दिवशी सकाळी खाली नेऊन ठेवायचं. दोन वर्षांसाठी म्हणून आलेला माणूस वस्तू घेतानाच ती टाकायचा खर्च मनात धरतो.

टोकियोतल्या तरुण मराठी नोकरदारांना भेटत फिरले तेव्हा "किती दिवसांसाठी आलात?" या प्रश्नाचं उत्तर जवळपास सगळ्यांनी तेच दिलं: दोन वर्षं. त्यांतल्या काहींची ही दोन वर्षं सातवं-आठवं वर्ष गाठून होती. नाव छापू नका, असंही बहुतेकांनी सांगितलं. त्यांच्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांनी छापील मजकुरात दिसणं आवडत नाही, शिवाय व्हिसाचं नूतनीकरण डोक्यावर असलं की माणूस जरा जपूनच बोलतो. म्हणून या लेखात माणसं त्यांच्या गावांवरूनच ओळखायची.

जपानमध्ये आज पन्नास हजारांहून जास्त भारतीय राहतात. टोकियोच्या वॉर्डांपैकी त्यांची सर्वांत दाट वस्ती एदोगावा वॉर्डात, आणि एदोगावातही निशी-कासाई स्थानकाच्या आसपास. याचं कारण समजायला मोठ्या सिद्धांताची गरज नाही, रेल्वेचा नकाशा पुरतो. तोझाई मेट्रो निशी-कासाईहून निघते आणि ओतेमाचीला, म्हणजे बँकांच्या आणि कंपन्यांच्या मुख्यालयांपाशी, पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखांची भीती जगभर पसरली होती. त्या तारखांच्या दुरुस्तीच्या कामासाठी जे भारतीय इंजिनियर टोकियोत आले त्यांना ऑफिसजवळ परवडेल असं घर इथे सापडलं. सापडलं म्हणजे सहज मिळालं नाही. घरमालक परदेशी माणसाकडे जामीन मागत आणि नव्याने उतरलेल्या माणसाला जपानी जामीन कुठून मिळणार? चहाच्या व्यापारानिमित्त सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे राहिलेल्या जगमोहन चंद्राणी यांनी त्या काळात या मुलांना घरं मिळवून द्यायला मदत केली आणि त्यांच्या जेवणाचीही सोय बघितली. यूआर या निमसरकारी संस्थेच्या गृहसंकुलांना जामीन लागत नाही. घरमालकाला द्यायचे परत न मिळणारे 'रेइकिन' नाहीत, दलाली नाही, नूतनीकरणाचे पैसेही नाहीत. त्यामुळे त्या इमारतींत भारतीय नावांच्या पाट्या वाढत गेल्या. मागून किराणा आला, शाळा आल्या, ऑक्टोबरातला दिवाळी मेळा आला. याच वॉर्डातून २०१९ च्या एप्रिलमध्ये पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभागृहावर निवडून गेले. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडून येण्याची ती पहिलीच वेळ होती. अर्थात, त्यासाठी त्यांना आधी जपानी नागरिक व्हावं लागलं. नुसत्या रहिवासी परदेशी माणसाला तिथे उभं राहता येत नाही, की मत देता येत नाही.

सांगलीकर मुलीला यूआरचं घर मिळालं नाही, कारण तिला हवं त्या महिन्यात तिथे रिकामी खोली नव्हती. जपानी भाषा ती पुण्यात शिकली. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. जुलै आणि डिसेंबरातल्या जेएलपीटी परीक्षांना तिथे पोरांची रांग लागते. पाच पायऱ्यांपैकी वरून दुसरी, एन-टू, ती पास झाली, नोकरी लागली, आणि तेवढ्यात करोनाने जपानची दारं बंद केली. हातात पात्रतेचा कागद घेऊन ती सांगलीत घरीच बसून राहिली. २०२२ च्या मार्चात नोकरदारांसाठी सीमा उघडली आणि एप्रिलमध्ये ती टोकियोत उतरली.

पहिला महिना कागदांचा. विमानतळावर हातात रेसिडेन्स कार्ड मिळतं, पण त्यावर पत्ता नसतो. घर मिळालं की १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन तो कार्डाच्या मागे लिहून घ्यायचा. मग रहिवासी नोंद, आरोग्य विमा, बँक खातं. बँक फोन नंबर मागते आणि फोनवाला बँक खातं मागतो, हे कोडं आलेल्या प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवलेलं आहे. पण त्या कागदांविषयी कुणी वैतागून बोललं नाही, याचं मला नवल वाटलं. नगरचा एक मुलगा म्हणाला, "काउंटरवरचा माणूस प्रत्येक ओळीवर बोट ठेवून सांगतो. चुकलं तर ओरडत नाही, नवा कागद देतो. आपल्याकडे एवढा वेळ कोण देतं?" माझ्या मते यात कौतुकाइतकाच एकटेपणाही आहे. परक्या शहरात पहिल्या महिन्यात तुमच्याशी सर्वांत जास्त वेळ बोलणारा माणूस सरकारी काउंटरच्या पलीकडे बसलेला असतो.

तिचं काम ब्रिज एसईचं. म्हणजे एका बाजूला टोकियोतलं जपानी गिऱ्हाईक आणि दुसऱ्या बाजूला पुण्यातली टीम, मध्ये ही. गिऱ्हाईकाचं म्हणणं टीमला सांगायचं, टीमची अडचण गिऱ्हाईकाला दुखणार नाही अशा जपानीत सांगायची. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. टोकियोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात साडेपाच. पुण्याची टीम दहाला बसली की इथे दीड झालेला असतो, आणि ती टीम सातला उठते तेव्हा इथे साडेदहा. गिऱ्हाईक सकाळी नऊला हजर, टीम रात्री साडेदहापर्यंत हजर. मधला पूल म्हणून तिला दोन्हीकडे हजर राहावं लागतं. जपानी कायद्याने २०१९ पासून जादा कामावर महिन्याला ४५ तासांची साधारण मर्यादा घातली आहे आणि कंपन्या ती आता बऱ्याच पाळतात. पण घरी येऊन टेबलापाशी बसून घेतलेला तासाभराचा कॉल कुठल्या रकान्यात मोडतो, याबद्दल तिने उत्तर दिलं नाही, फक्त हसली.

सकाळची तोझाई हा एक वेगळा विषय आहे. करोनापूर्वी किबा आणि मोन्झेन-नाकाचो या दोन स्थानकांमधल्या गर्दीचं प्रमाण १९९ टक्के, म्हणजे क्षमतेच्या दुप्पट मोजलेलं होतं. देशातल्या सर्वांत भरलेल्या मार्गांपैकी तो एक. डोंबिवलीकराला यात काय विशेष, असं कुणी म्हणेल. मीही तसंच एका डोंबिवलीकर दादांना म्हटलं. ते म्हणाले, "गर्दी तेवढीच, पण इथे कुणी बोलत नाही. आपल्याकडे निदान भांडता येतं." भजनी मंडळाच्या डब्यातून या डब्यात आलेल्या माणसाला ती शांतता अंगावर येते, हे मी स्वतः अनुभवलं.

पैशांचं गणित सुरुवातीला गोड लागतं, मग त्यात खडे लागतात. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर बसतो आणि जूनपासून पगारातून कापला जातो. नव्याने आलेल्याचं आदल्या वर्षीचं जपानी उत्पन्न शून्य, म्हणून पहिलं वर्ष कर नाही. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये पगार अचानक कमी आला की पोरं एचआरला विचारायला जातात. हा कर साधारण दहा टक्के असतो. त्यावर येनची घसरण. २०२१ च्या सुरुवातीला एका येनला साधारण ७० पैसे मिळत. २०२४ च्या जुलैमध्ये ते ५२ पैशांच्या आसपास आले होते. घरी पाठवायच्या रकमेत एवढा फरक पडला की नगरच्या मुलाने गावातल्या घराच्या स्लॅबचं काम वर्षभर पुढे ढकललं. पगार जपानी लोकांच्या बरोबरीचा आहे, राहणीही त्यांच्यासारखीच. मार खाल्ला तो फक्त परत नेण्याच्या आशेने.

मग हे लोक पैसे उरवतात कुठे? पहिल्या दोन वर्षांत तर नाहीच उरवत, कारण ते फिरतात. आणि इथे या सगळ्या गोष्टीचा मला दिसलेला मुद्दा येतो: ज्याला परत जायचं आहे तोच हा देश पाहतो. दोन वर्षंच आहेत म्हटल्यावर प्रत्येक जोडून आलेली सुट्टी कामाला लावली जाते. वर्षाला १६ सार्वजनिक सुट्ट्या. त्यांत एप्रिलअखेर ते ५ मे या दिवसांत गोल्डन वीक. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन, म्हणजे पितरांचे दिवस, तेव्हा अर्धं टोकियो आपापल्या गावी जातं. शिवाय सहा महिन्यांच्या नोकरीनंतर किमान १० दिवसांची हक्काची रजा. त्यातली निदान पाच दिवसांची रजा कर्मचाऱ्याने घ्यावी याची जबाबदारी २०१९ पासून मालकावर आहे. लोक रजाच घेत नव्हते, म्हणून कायदा करावा लागला. आपली पोरं मात्र दहाच्या दहा दिवस घेतात आणि वर गिऱ्हाइकाची माफी मागून अर्धा दिवस जोडतात.

पण पर्यटकाला मिळणारी सवलत त्यांना मिळत नाही. जपान रेल्वेचा तो प्रसिद्ध सात दिवसांचा पास फक्त अल्पकाळासाठी आलेल्या पाहुण्यांसाठी असतो. सांगलीकर मुलीचे आईवडील २०२३ च्या वसंतात साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला आले. मुलांना भेटायला येणाऱ्या आईवडिलांना एका वेळी ९० दिवसांपर्यंतच राहू देतात. त्यांनी भारतातूनच पास घेतला, तेव्हा तो २९,६५० येनला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत थेट ५०,००० झाली. मुलीला क्योतोच्या जाण्यायेण्यालाच २६,००० च्या पुढे मोजावे लागले. त्या पासवर सर्वांत वेगवान नोझोमी गाडी चालत नसे, म्हणून तिघांनी हिकारी धरली. वडिलांनी तिकिटांची तुलना करून जाहीर केलं, "तू इथली आणि तुलाच महाग. हे काय?" रहिवासी माणसाला सवलत नाही, यात गैर काही नाही. पण आपण पाहुणे राहिलो नाही, हे तिला तिकिटाच्या खिडकीवर कळलं.

रहिवाशांच्या हाती एक वेगळा तिकिटाचा प्रकार आहे आणि मराठी पोरांचा खरा जपान त्यावर पाहिलेला आहे. त्याचं नाव सेइशुन १८. १९८२ पासून चालत आलेला हा पास वसंत, उन्हाळा आणि हिवाळ्याच्या शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत विकला जातो. नाव तारुण्याचं, पण वयाची अट नाही. पाच दिवसांचे १२,०५० येन. अट एकच, फक्त लोकल आणि जलद गाड्या. शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, चालणार नाही. म्हणजे टोकियोहून ओसाकाला जे अंतर नोझोमी अडीच तासांत आणि १४,००० येनांहून जास्त भाड्यात कापते, ते इथे दिवसाला २,४१० येनमध्ये आणि नऊ तासांत कापायचं. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत हे पाच दिवस सुटे वापरता येत आणि माणसांत वाटूनही घेता येत. चौघांनी एकाच दिवशी मिळून जायचं, तर एका पासवर चार शिक्के. मराठी डोक्याला हा हिशेब फार आवडला होता.

त्या नऊ तासांचं वर्णन मला चौघांनी वेगवेगळं केलं, पण गाड्या बदलायची स्थानकं सगळ्यांना एका दमात पाठ होती. आतामी, हामामात्सु, तोयोहाशी, माइबारा. आतामीपाशी शिझुओका प्रांत सुरू होतो आणि तो संपता संपत नाही. तिथल्या गाड्यांना लांबलचक बाकडी असतात, पाठ खिडकीला आणि तोंड समोरच्या प्रवाशाकडे. काही गाड्यांत तेव्हा शौचालय नसे. डावीकडे समुद्र, उजवीकडे ढग नसले तर फुजी, आणि मधूनमधून चहाचे मळे. माइबाराला पुढची गाडी उभी असते आणि बदलायला मिनिटं थोडी. दार उघडताच शांत, शिस्तीचे जपानी लोक चक्क पळतात. त्या धावेला तिथे नावच पडलं आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात सांगली, नगर आणि आणखी दोघं असे चौघं या धावेत पहिले आले. सीट मिळाली, म्हणून नगरकराने डब्यात मुठी वर करून आनंद व्यक्त केला आणि समोरच्या आजींनी त्याला हाताने 'बस बस' केलं. ओसाकाला पोचेपर्यंत त्यांची त्या आजींशी ओळख झाली होती. शिन्कान्सेनमध्ये ती झाली नसती.

या प्रवासात मला एक गंमत दिसते. आठवडाभर ही मुलं दुसऱ्याच्या वेळापत्रकात राहतात: गिऱ्हाइकाच्या, टीमच्या, गाडीच्या. सुट्टीत तेच वेळापत्रक त्यांच्या हातात येतं. सात मिनिटांची गाडीबदल धरायची की पुढची गाडी घेऊन मध्ये उतरून समुद्र बघायचा, हे ठरवणं त्यांना खेळासारखं वाटतं. गाडी वेळेवर येणार, या भरवशावरच हा खेळ चालतो. आपल्याकडे एका गाडीवर दुसरी बेतण्याचं धाडस कोण करेल?

२०२४ च्या हिवाळ्यापासून पासाचे नियम बदलले. आता दिवस सलग वापरायचे आणि एक पास एकाच माणसाचा. तीन दिवसांचा १०,००० ला, पाच दिवसांचा पूर्वीच्याच १२,०५० ला. चौघांचा पास संपला. नगरकर याबद्दल अजून हळहळतो.

सिंहगड रोडवर वाढलेल्या एका मुलाने मात्र लोकलच्या वाटेला न जाता सनराइझ धरली. जपानमध्ये रोज धावणारी रात्रीची ही एकच झोपायची गाडी उरली आहे. टोकियोहून रात्री ९:५० ला निघते आणि सकाळी साडेसहाच्या आत ओकायामाला पोचते. तिथे ती दुभंगते, अर्धी शिकोकू बेटावर आणि अर्धी इझुमोला. तिच्यात 'नोबिनोबी' नावाच्या गालिचा घातलेल्या जागा आहेत. बर्थचे वेगळे पैसे न देता तिथे आडवं होता येतं. तिकिटं महिनाभर आधी सकाळी दहाला सुटतात आणि सुटीच्या दिवसांची बघता बघता संपतात. तो ओकायामाला उतरला ते तिथली कोराकुएन बाग बघायला. पुण्यात सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे उद्यान ही बाग तिच्याच धर्तीवर, पुणे-ओकायामा मैत्रीची म्हणून उभी राहिली. इकेदा घराण्याच्या सरदाराने १७०० साली पूर्ण केलेली मूळ बाग पुण्याच्या बागेहून कितीतरी मोठी. मध्ये रुंद हिरवळ, शिवाय आत भाताचं खाचर आणि चहाची झुडपं. त्याला आवडलं ते खाचर. "राजाच्या बागेत भात लावतात, हे आपल्याकडे कुणाला सुचलं नाही," असं तो म्हणाला. मला ते पटलं नाही. आपल्याकडे सुचलं असतं तरी तो भात कुणी जेवला असता, त्यावर भांडण झालं असतं.

बाकीचा प्रवास थोडक्यात. ओनोमिचीहून इमाबारीपर्यंत बेटं आणि पूल जोडत जाणारा सुमारे ७० किलोमीटरचा सायकलरस्ता, भाड्याची सायकल दुसऱ्या टोकाला सोडून यायची. फुजी, ३,७७६ मीटर, जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच. जो एकदा चढला त्याने दुसऱ्यांदा जाणार नाही असं सांगितलं. होक्काइदोचं बर्फ सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

जेवणाचं काय, हा प्रश्न सांगलीतून रोज येतो. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, आणि दाशीत बहुधा सुकवलेल्या मासोळीचा कीस. भाजी म्हणून मागवलेल्या वाटीत, नूडलच्या रश्श्यात, टोफूवरच्या सॉसमध्येही तो असतो. पक्कं शाकाहारी राहायचं तर प्रवासात कोनबिनीतला उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला भाताचा गोळा, केळी आणि ब्रेड. सांगलीकर मुलगी आली तेव्हा अंडंही खात नव्हती. आता दाशीबद्दल ती विचारत नाही. विचारलं की उत्तर मिळतं आणि मग उपाशी राहावं लागतं. घरी मात्र रविवारी निशी-कासाईच्या दुकानातून आणलेल्या पोह्यांचा बेत होतो, आणि जपानी चिकट तांदळाचा मऊभात तिच्या मते सांगलीपेक्षा चांगला होतो.

२०२५ ची गणेश चतुर्थी बुधवारी आली. अर्थातच सुट्टी नाही. ती पहाटे उठून असाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात गेली. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच, भारतातून चीनमार्गे गेलेला. तिथे त्याला मोदक नाही, मुळा वाहतात, पांढराशुभ्र जाडजूड दाइकोन. देवळातच तो विकत मिळतो. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "मूर्ती दाखव." मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत, ती कायम झाकलेली असते. आईचा विश्वास बसेना. "मग तू पाया कुणाच्या पडलीस?" मुलीने मुळा दाखवला. तिथून ती धावत मेट्रोकडे गेली, नऊच्या आत ऑफिसात.

एदोगावा वॉर्डातल्या प्रत्येक घरी एक नकाशा येतो. वॉर्डाचा सुमारे सत्तर टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. आराकावा आणि एदोगावा या नद्यांना एकाच वेळी पूर आला आणि वादळाने समुद्र चढला, तर बहुतेक वॉर्ड पाण्याखाली जाईल. २०१९ च्या मे महिन्यात काढलेल्या पुराच्या नकाशावर वॉर्डाने सरळ लिहून टाकलं होतं की इथे थांबू नका, बाहेरच्या भागात निघून जा. सरकारी भाषेत इतकं स्पष्ट वाक्य जपानमध्येही दुर्मिळ, त्यामुळे ते गाजलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात हागिबिस चक्रीवादळ आलं आणि नकाशा पुन्हा कपाटातून निघाला. पंधरा-वीस वर्षं तिथे राहिलेल्या मराठी लोकांना हा नकाशा तोंडपाठ आहे. नव्या पोरांपैकी बहुतेकांनी तो कचऱ्याच्या वेळापत्रकाखाली ठेवलेला दिसला. त्यांना दोनच वर्षं राहायचंय, पूर त्यानंतर यावा.

डोंबिवलीकर दादा तिथे २००३ पासून आहेत. घर घेतलं, पस्तीस वर्षांचं कर्ज काढून. मुलं जपानी शाळेत. वस्तीच्या मंडळाची पाळी आली की कचऱ्यावर कावळ्यांपासून बचावाची जाळी घालायची, ती काढायची, खालची जागा धुवायची, ही त्यांची कामं. मी विचारलं, गेल्या दोन वर्षांत कुठे फिरायला गेलात? त्यांनी बायकोकडे पाहिलं. दोघांनाही आठवेना. पहिल्या तीन वर्षांत होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत सगळं झालं होतं. पुढे कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला, आणि फिरणं थांबलं. "आता काय, इथेच आहोत, कधीही जाऊ," असं ते म्हणाले. त्या 'कधीही'ला बरीच वर्षं झाली. त्यांच्या डोंबिवलीतल्या आईला इकडे आणून ठेवता येत नाही. उच्च कौशल्याच्या व्हिसावर काही अटींवर आईवडिलांना आणता येतं, पण घरात सात वर्षांखालचं मूल हवं आणि घराचं उत्पन्न वर्षाला ८० लाख येन. त्यांची मुलं केव्हाच मोठी झाली. मग सुट्ट्या सगळ्या डोंबिवलीसाठी राखायच्या.

परतायचं की राहायचं, हे मनात ठरतं असं आपल्याला वाटतं. मला वाटतं ते बरंचसं आकड्यांत ठरतं. नोकरी सोडून देश सोडला तर भरलेल्या पेन्शनपैकी काही रक्कम एकदम परत मागता येते. २०२१ पासून ती जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हिशेबाने मिळते. ही मर्यादा वाढवायचं घाटत आहे. तिथली पेन्शन मिळायला मात्र निदान दहा वर्षं भरणा हवा. म्हणजे पाच आणि दहाच्या मधला माणूस मधेच लटकतो: परत गेला तर जादा भरलेलं बुडतं, राहिला तर आणखी राहावं लागतं. कायमचा परवाना नेहमीच्या वाटेने मागायलाही दहा वर्षं. त्याला एक जवळची वाट आहे, गुणांची. ७० गुण असले तर तीन वर्षांत, ८० असले तर एका वर्षात अर्ज करता येतो. पदवीचे गुण, अनुभवाचे, पगाराचे, वयाचे, भाषेचे.

सांगलीकर मुलीच्या लॅपटॉपवर याचा तक्ता आहे. पदवीचे १०. पाच वर्षांच्या अनुभवाचे १०, पुण्यातली वर्षं धरून. वय तिशीच्या आत म्हणून १५, तीस पूर्ण झाली की ते १० होणार. एन-टूचे १०. पगार ५० लाख येन, त्याचे १५. बेरीज ६०. एन-वन पास झाली तर ६५. पगार साठ लाखांवर गेला तर ७०. "सहज म्हणून केलाय," ती म्हणाली. पण रकान्यांना रंग दिलेले होते आणि एका कोपऱ्यात तिच्या तिसाव्या वाढदिवसाची तारीख होती.

यंदाच्या उन्हाळ्यात तिने सेइशुनचा पास घेतला नाही. ओबोनच्या सुट्टीत खोलीत बसून एन-वनची कांजी अक्षरं घोटली. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. निशी-कासाईत रविवारच्या पोह्यांना आम्ही सगळे जमलो होतो तेव्हा हे बोलण्यात आलं आणि डोंबिवलीकर दादांनी बशी खाली ठेवली.

"पास घेतला नाही? झालं तर. राहणार ही."

"नाही हो दादा," ती म्हणाली. "परीक्षा झाली की हिवाळ्याचा घेतेच आहे. तादामी लाइनला जायचंय." २०११ च्या पुरात वाहून गेलेला फुकुशिमाच्या डोंगरांतला तो रेल्वेमार्ग अकरा वर्षांनी, २०२२ मध्ये पुन्हा पुरता जोडला गेला. डिसेंबरात तिथे बर्फ असतं. तिने फोन काढून वेळापत्रक दादांपुढे धरलं. शेवटपर्यंत जाणाऱ्या गाड्या दिवसाला तीनच. सकाळची चुकली तर पुढची दुपारी.

"एकटी जाणार?"

"तुम्ही येता का? पास आता एकाच माणसाचा असतो, तेव्हा तुमचे तुम्ही घ्यायचे."

दादांनी चष्मा लावून फोन जवळ घेतला आणि बायकोला हाक मारली.